मंत्रचळ

घोडनदीला, म्हणजे शिरूरला, किंवा भीमेकाठच्या दौंडला कुणी दाराचं कुलूप चौथ्यांदा ओढून बघायला परत फिरलं, की घरातलं जुनं माणूस म्हणतं, "ह्याला मंत्रचळ लागलाय." डॉक्टर त्यालाच ओसीडी म्हणतात.

चळ म्हणजे डोकं ठिकाणावरून सरकणं. मंत्राचं अक्षर चुकलं तर म्हणणाऱ्याला वेड लागतं, ही शब्दामागची समजूत. धास्ती जुनीच. जुन्या कथेत इंद्राचा काळ ठरेल असा मुलगा मागताना त्वष्ट्याचा 'इंद्रशत्रु' या शब्दात स्वर चुकला. 'इंद्राला मारणारा'ऐवजी 'ज्याला इंद्र मारील तो' असा अर्थ झाला आणि तो मुलगा, वृत्र, इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने महाभाष्यात शुद्ध उच्चाराची गरज सांगताना हाच दाखला घेतला. एका स्वराने जीव जात असेल, तर मंत्र पुन्हा एकदा म्हणून बघावासा कुणाला वाटणार नाही?

पुढे मंत्र गळला, चळ राहिला. हात धूतच राहणारे, नोटा परत परत मोजणारे, सगळेच मंत्रचळे झाले. सोवळ्याच्या घरांत तर हा आजार धर्मनिष्ठा म्हणूनही खपून गेला असणार.

नवल हे, की शब्दाने नेमकं चुकीवर बोट ठेवलं. आपल्या हातून काही चुकलं की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मेंदूच्या पुढच्या भागात विजेची एक लहर उठते. डोक्याला लावलेल्या तारांनी ती मोजता येते. ओसीडी असलेल्यांत ही लहर मोठी असते, असं अमेरिकेत विल्यम गेहरिंग आणि सहकाऱ्यांना २००० साली आढळलं. कुलूप लागलेलं डोळ्यांना दिसतं, पण आतली घंटा वाजतच राहते आणि लक्ष तिथून हलत नाही.

एका बाबतीत मात्र हा शब्द अन्याय करतो. वेड लागलेल्याला भान नसतं म्हणतात. इथे बहुतेकांना ते पुरेपूर असतं, म्हणून तर ते लपूनछपून हात धुतात.

भीती वाटते त्याच वस्तूला हात लावायचा आणि नंतर धुवायचं नाही, या वर्तनोपचाराची वाट लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दाखवली. लॉस एंजेलिसच्या ल्युइस बॅक्स्टर यांना १९८७ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूतलं खोलवरचं पुच्छकेंद्रक जास्त साखर जाळताना दिसलं होतं. १९९२ मध्ये त्यांनी उपचारानंतर काय होतं ते पाहिलं. कुणी फ्लुओक्सेटिन या औषधाने बरं झालं होतं, कुणी वर्तनोपचाराने. उजव्या पुच्छकेंद्रकाची भूक दोघांचीही उतरली होती.