दुधवाल्याचा जॉन

इतिहास म्हटला की आपल्यासमोर राजे, सेनापती आणि तह येतात. स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे मंडळाने सांगितले तेव्हा माझ्या मनात मात्र एक पोरसवदा शिपाई आला. पराक्रमासाठी त्याचे नाव कोणी घेत नाही. पहिल्या महायुद्धात रणभूमीवर पडलेला पहिला ब्रिटिश शिपाई म्हणून ते घेतले जाते, एवढेच.

जॉन पार याचा जन्म १८९७ मध्ये लंडनच्या उत्तरेस फिंचली येथे झाला. बाप दूध घालणारा. अकरा भावंडांत हा धाकटा. त्यांतली कित्येक तर चार वर्षांचीही झाली नाहीत. तान्ही मुले दगावण्याचे दुःख आपल्याकडेच होते असे आपण समजतो, पण त्या काळच्या लंडनमधल्या गरिबाघरीही ते तसेच होते. जॉन आधी खाटकाच्या दुकानात पोऱ्या होता, मग गोल्फ खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहू लागला.

१९१२ मध्ये तो सैन्यात गेला. वय पंधराच्या आसपास, पण सांगितले अठरा वर्षे एक महिना! उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. भरती करणाऱ्यांनी दाखला मागितला नाही. सैन्यात दोन वेळचे जेवण होते, कपडे होते, थोडा पगार होता. दुधवाल्याच्या मुलाला आणखी काय हवे?

मिडलसेक्स पलटणीत त्याला काम मिळाले सायकलवाल्या टेहळ्याचे. पुढे जायचे, शत्रू कुठे आहे ते पाहायचे आणि जीव घेऊन परत येऊन सांगायचे. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले. २१ ऑगस्टला त्याला एका सोबत्यासह बेल्जममधल्या मॉन्स शहराजवळच्या ओबूर गावाकडे धाडले. तिथे जर्मन घोडेस्वारांशी गाठ पडली असावी, असे मानतात. सोबत्याने बातमी घेऊन परतावे म्हणून जॉन मागे थांबला, असेही सांगतात. सोबती परतला. जॉन राहिला तो तिथेच. सतरा वर्षांचा होता.

२३ तारखेला मॉन्सची लढाई झाली, ब्रिटिश फौज मागे हटली, आणि तो मुलूख जर्मनांच्या हाती गेला तो थेट ११ नोव्हेंबर १९१८ पर्यंत. चार वर्षे! इकडे फिंचलीत आईला मुलाचे पत्र येईनासे झाले. तिने युद्धखात्याला लिहून विचारले. पण पलटणीलाच पत्ता नाही, तर आईला कोण काय सांगणार? घरी तार आली तर रडता तरी येते. काहीच आले नाही म्हणजे दिवेलागणीला दाराकडे पाहत बसायचे. त्याच युद्धात साताऱ्याकडच्या खेड्यांतून गेलेल्या शिपायांच्या आया-बायकाही अशाच बसल्या असतील. ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

जॉन आता मॉन्सजवळ सँ सिंफोरियँच्या दफनभूमीत आहे. ती जर्मनांनीच १९१४ मध्ये सुरू केली. तिथे २८४ जर्मन आणि ब्रिटिश साम्राज्याचे २२९ सैनिक एकाच झाडीखाली आहेत. त्याच्या शिळेवर वय कोरले आहे वीस. भरतीच्या दिवशी पोराने मारलेली थाप सरकारी कागदांतून दगडापर्यंत पोहोचली. घरच्यांनाच काय ते खरे वय ठाऊक.

त्याच्या समोरच, चार पावलांवर, जॉर्ज एलिसनची कबर आहे. तो लीड्सचा, कोळशाच्या खाणीतला मजूर. या युद्धात लढताना पडलेला तो शेवटचा ब्रिटिश शिपाई मानतात. शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकराला व्हायची होती. तो मॉन्सच्या वेशीवर साडेनऊला गेला. या दोन कबरी समोरासमोर याव्यात असे कोणी ठरवले नव्हते म्हणतात. एलिसनच्या मागे बायको होती आणि एक मुलगा, पाच वर्षांचाही पुरा नव्हता.