दुसऱ्याची गोष्ट, आपला देह : प्लेबॅक थिएटरच्या नटांविषयी

१/ ‘प्लेबॅक’ हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पडद्यावर ओठ हलवणारी नायिका येते आणि पडद्यामागे गाणाऱ्या लताबाई किंवा आशाबाई आठवतात. आजचा धागा ज्या रंगभूमीविषयी आहे तिच्या नावातही हाच शब्द आहे, पण मांडणी नेमकी उलटी आहे. इथे आवाज आणि आठवण प्रेक्षकांतल्या एका सामान्य माणसाची असते. देह तेवढा नटाचा.

२/ प्रयोग असा होतो. रंगमंच जवळजवळ रिकामा. मागे चार-पाच नट खोक्यांवर किंवा खुर्च्यांवर बसलेले, एका बाजूला वादक, कोपऱ्यात रंगीत कापडांचा ढीग. दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या : एकीवर प्रयोग चालवणारा, दुसरी रिकामी. संहिता नाही, पाठांतर नाही. प्रेक्षकांतून कुणी उठून त्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसेपर्यंत नाटकच अस्तित्वात नसते.

३/ चालवणाऱ्याला इंग्रजीत ‘कंडक्टर’ म्हणतात. आपल्याकडे ‘सूत्रधार’ हा त्याहून नेमका शब्द तयार आहे, तोच मी वापरतो. सूत्रधार विचारतो : हे कुठे घडले? केव्हा? आणखी कोण होते? मग म्हणतो, यांच्यापैकी तुम्ही कोण, ते निवडा. सांगणारी बाई एका नटाकडे बोट दाखवते, तो नट उठून उभा राहतो. चार-पाच मिनिटांत गोष्ट सांगून होते. सूत्रधार ‘चला, पाहू या’ एवढेच म्हणतो आणि नट एकमेकांशी अक्षरही न बोलता, वाद्याच्या पहिल्या सुरावर ती गोष्ट उभी करू लागतात.

४/ आयत्या वेळी बोलणे आपल्याला नवे नाही. कोकणातला दशावतारी नट रंगपटात बसून कथानक ठरवतो आणि संवाद रंगमंचावरच रचतो. तमाशातली बतावणीही उत्स्फूर्ततेवर तगलेली. पण दशावताऱ्याला कर्ण किंवा अभिमन्यू ठाऊक असतो, समोरच्या प्रेक्षकालाही ठाऊक असतो. प्लेबॅकच्या नटाला जी गोष्ट करायची ती त्याने आत्ताच, प्रथमच ऐकलेली असते. आणि ती ज्याची आहे तो माणूस दहा फुटांवर बसून पाहत असतो.

५/ या रंगभूमीचे एक मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात आहे. बुखारेस्टमध्ये १८८९ साली जन्मलेले डॉ. याकोब मोरेनो तिथे वैद्यक करत आणि फावल्या वेळी नाटकाचे विचित्र उद्योग. त्यांच्याच सांगण्यानुसार, १ एप्रिल १९२१ रोजी त्यांनी एका नाट्यगृहाच्या रंगमंचावर फक्त एक सिंहासन मांडले आणि प्रेक्षकांना आवाहन केले : देशाला नेता नाही, या आणि करून दाखवा. त्या रात्री राज्याला राजा काही मिळाला नाही. वृत्तपत्रांनी टर उडवली, असेही तेच सांगतात.

६/ पुढे त्यांनी उत्स्फूर्त नाटकांची एक छोटी रंगभूमी चालवली. नंतर हॉलिवूडमध्ये गाजलेला पीटर लॉर त्याच मंडळीतला. दिवसाच्या वर्तमानपत्रातील बातम्या संध्याकाळी नट आयत्या वेळी करून दाखवत.

७/ या मंडळींतल्या एका नटीची हकीकत मोरेनोंनी लिहून ठेवली आहे. त्यांनी तिला बार्बरा म्हटले आहे. ती नेहमी सोज्वळ, सात्त्विक भूमिका करी. तिच्या नवऱ्याने एकदा मोरेनोंना गाठून सांगितले की ही घरी अगदी निराळी असते, शिव्या देते, अंगावर धावून येते. मोरेनोंनी काय करावे? उपदेश केला नाही. त्या संध्याकाळी तिला खून झालेल्या एका वेश्येची भूमिका दिली. बार्बराने ती जीव ओतून केली आणि मग तशाच भूमिका ती मागून घेऊ लागली. नवऱ्याने पुढे सांगितले, की घरी राग येतो, पण मध्येच तिला रंगमंचावरचा प्रसंग आठवतो आणि हसू फुटते. हकीकत वैद्याने स्वतःच्या औषधाविषयी सांगितलेली आहे, तेव्हा तिच्यावर किती भार टाकायचा हे वाचकांनी ठरवावे. नाटक करणाऱ्यावरही काहीतरी घडते, हा विचार मात्र इथून पुढे सुटलेला नाही.

८/ मोरेनो १९२५ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे हडसन नदीकाठच्या बीकन गावी त्यांनी ‘सायकोड्रामा’ या उपचारपद्धतीचे केंद्र उभारले. १९७४ साली ते वारले. काम त्यांच्या पत्नी झर्का यांनी पुढे चालवले.

९/ जोनाथन फॉक्स या तरुणाने बीकनलाच सायकोड्रामाचे शिक्षण घेतले. हार्वर्डचा पदवीधर, मौखिक परंपरांचे वेड, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ‘पीस कॉर्प्स’चा स्वयंसेवक म्हणून नेपाळच्या खेड्यात काढलेला काळ. ही नेपाळची बाजू पाश्चात्त्य लेखनात एका वाक्यात आटोपतात, ते मला पटत नाही. जिथे सण, शोक आणि गोष्ट या तिन्हींसाठी सारे गाव एकत्र बसते, असे जग त्याने तिथे पाहिले होते. अमेरिकेतल्या व्यावसायिक रंगभूमीत त्याला नेमके तेच दिसत नव्हते.

१०/ कनेटिकट राज्यातल्या न्यू लंडन गावी तो हौशी मंडळींचा एक उत्स्फूर्त नाट्यगट चालवत होता. तिथल्याच एका साध्या उपाहारगृहात गरम चॉकलेटचा पेला समोर असताना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते : लोकांच्या खऱ्या गोष्टी, त्यांच्यासमोर, त्याच क्षणी. १९७५ मध्ये फॉक्स आणि त्याची पत्नी, न्यूझीलंडची संगीतकार जो सालास, यांनी हडसनच्या खोऱ्यात पहिली प्लेबॅक मंडळी उभी केली. झर्का मोरेनो यांनी सुरुवातीच्या काळात तालमीच्या जागेच्या भाड्याचा भार उचलला.

११/ मंडळीत बहुतेक जण पोटापाण्यासाठी दुसरे काही करणारे होते. फॉक्सने या नटासाठी ‘नागरिक नट’ अशी कल्पना मांडली : जो ज्या समाजात राहतो त्याच समाजासाठी खेळतो आणि खेळ संपल्यावर पुन्हा त्यातच मिसळतो. शाळा, रुग्णालये, तुरुंग, वृद्धांची केंद्रे अशा ठिकाणी प्रयोग झाले. यशाने कुणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही.

१२/ आता तालमीविषयी. संहिताच नाही तर तालीम कसली, असा प्रश्न येतोच. उत्तर असे, की तालमीत नट स्वतःच्या गोष्टी सांगतात. आज माझी आई गेल्याची, उद्या तुझ्या हुकलेल्या नोकरीची. बाकीचे ती करून दाखवतात. ज्याने त्या खुर्चीवर बसून आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या हातून थोडी चुकताना पाहिली आहे, त्यालाच परक्याची गोष्ट किती जपून उचलायची हे कळते. मला तर या पद्धतीतली ही सर्वांत शहाणी सोय वाटते.

१३/ शिकायचे आणखी बरेच असते. नुसती एक भावना सांगितली तर ती तीन-चार नटांनी ध्वनी आणि हालचालींतून एकामागून एक जोडत शिल्पासारखी उभी करायची. मनात एकाच वेळी दोन ओढी असतील, जसे ‘मुलगी परदेशी निघाली याचा आनंदही आहे आणि घर खायला उठते’, तर दोघा नटांनी एकमेकांना चिकटून दोन्ही बाजू एकदम बोलायच्या. आणि पूर्ण गोष्ट असेल तर घटनांची यादी मांडत न बसता तिचे मर्म शोधायचे. हशा मिळवण्याचा मोह आवरायचा. हे शेवटचे सर्वांत कठीण, असे कोणताही नट सांगेल.

१४/ नाट्य संपले की सगळे नट जागच्या जागी थांबून सांगणाऱ्याकडे पाहतात. टाळ्यांसाठी वाकत नाहीत. सूत्रधार विचारतो, असेच होते का? ‘नाही, माझे वडील इतके कठोर नव्हते,’ असे उत्तर येऊ शकते आणि मग तेवढा भाग पुन्हा करावा लागतो. भर सभेत नटाची चूक दाखवण्याचा अधिकार प्रेक्षकाला देणाऱ्या रंगभूमी फार नाहीत.

१५/ गोष्टीवर चर्चा होत नाही, सल्ला दिला जात नाही. एका गोष्टीचे उत्तर दुसऱ्या कुणाची गोष्ट देते. या न बोललेल्या दुव्यांना प्लेबॅकवाले ‘लाल धागा’ म्हणतात. सूत्रधाराच्या हाती खरोखरच सूत्र असते ते असे.

१६/ १९८० मध्ये मूळ मंडळी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली आणि तिथे नवे गट उभे राहिले. जपानमध्ये हा प्रकार ऐंशीच्या दशकातच रुजला. १९८६ साली मूळ मंडळी थांबली, पण तोवर रोप इतरत्र लागले होते. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय जाळे, १९९३ मध्ये प्रशिक्षणाची शाळा आणि त्याच वर्षी सालास यांचे ‘इम्प्रोव्हायझिंग रिअल लाइफ’ हे पुस्तक.

१७/ खरी कसोटी पुढची. वेस्ट बँकेतल्या जेनिनच्या निर्वासित छावणीत ‘फ्रीडम थिएटर’ उभे राहिले. त्याचे संस्थापक-दिग्दर्शक ज्युलिआनो मेर-खामिस यांची ४ एप्रिल २०११ रोजी थिएटरच्या जवळच गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी तिथे ‘फ्रीडम बस’ हा उपक्रम सुरू झाला. पॅलेस्टिनी नट बसने गावोगाव जात, लोक पाडलेल्या घरांच्या, गेलेल्या जमिनींच्या, अटकेच्या गोष्टी सांगत आणि नट त्या तिथेच करत. जॉर्डन खोऱ्यात, दक्षिण हेब्रॉनच्या टेकड्यांवर असे प्रयोग झाले.

१८/ इथे हडसन खोऱ्यातली गृहीतके पुरेनाशी होतात. गोष्ट सांगून मन हलके होते, हे खरे. पण घर पाडणारे यंत्र उद्या पुन्हा येणार असेल तर? सांगणारा दिलासा मागतो आहे की साक्षीदार? फ्रीडम बसच्या मंडळींनी साक्षीदारी आणि प्रतिकार यांची बाजू उघडपणे घेतली. आणि नटही काही बाहेरून आलेला नव्हता. ज्या चौकीची गोष्ट तो करत होता, तशाच चौकीवर त्यालाही थांबावे लागत होते.

१९/ काबूलमध्ये २००९ पासून एका मानवाधिकार संस्थेने युद्धात नवरे गमावलेल्या स्त्रियांबरोबर हाच मार्ग वापरला. कित्येक जणींसाठी आपली हकीकत चारचौघींत सांगणे हीच मोठी पायरी होती.

२०/ प्रश्न आतूनही विचारले गेले. यॉर्कच्या प्लेबॅक मंडळीतले निक रोव यांनी २००७ च्या ‘प्लेइंग द अदर’ या पुस्तकात हीच दुखरी नस धरली आहे. नट आरसा नसतो. तो निवड करतो, गाळतो, आपल्या वर्गाच्या आणि वर्णाच्या चष्म्यातून पाहतो. सुखवस्तू घरातल्या नटाने सफाई कामगाराची गोष्ट करताना काय सुटते, हे सांगणाऱ्याला जाणवते, आणि पुष्कळदा तो सौजन्याने ‘हो, असेच होते’ म्हणून जागेवर जाऊन बसतो. आपल्या देशात या प्रश्नात जातही येते, आणि तिथे ते सौजन्य अधिकच महाग पडते.

२१/ भारतात चेन्नई, बंगळुरू, मुंबई इथे असे गट काम करतात. २०१९ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय संमेलन बंगळुरूला भरले. त्यानंतर चारच महिन्यांत जग घरात कोंडले गेले आणि ही माणसे संगणकाच्या चौकटींतून खेळू लागली : कॅमेऱ्यासमोर रंगीत ओढणी धरून, शेजारच्या चौकटीतल्या नटाच्या श्वासाचा अंदाज घेत. रिकाम्या खुर्चीच्या जागी एक रिकामी चौकट. कुणीतरी आपला माईक सुरू करेपर्यंत सगळे थांबत.

२२/ प्लेबॅक जन्माला येत होते त्या काळात ब्राझीलचे ऑगस्तो बोआल प्रेक्षकाला खुर्चीवर न बसवता थेट रंगमंचावर चढवत होते. बंगालच्या खेड्यांत त्या पद्धतीचे काय झाले, तो पुढचा धागा.