दुकान घ्यावे की न घ्यावे?
जालन्याच्या बाजारपेठेचा थोडा मागोवा



गेल्या महिन्यात मंडळाची बैठक आटोपल्यावर आपल्यापैकीच एका भगिनीने मला बाजूला घेऊन विचारले, "काकू, आमच्या गल्लीतले किराणा दुकान विकावयाचे आहे. आजोबा थकले, त्यांची मुले पुण्याला नोकरीत रमली. यांचे फंडाचे पैसे नुकतेच हाती आले आहेत. घेऊ का?" मी तिला म्हटले, "थोडी थांब, विचार करून सांगते." स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे असा संपादक-भगिनींचा आग्रह होताच. तेव्हा तो विचार येथेच मांडते.

"जालना, सोने का पालना" ही म्हण आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो. हे सोने मुख्यतः बाजारपेठेचे होते. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद, आणि दोन्हीकडे पेढ्या. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटची येथे छावणी असे. छावणी म्हणजे दरमहा रोख पगार घेणारे गिऱ्हाईक. ती १९०३ साली उठली. पण त्याच सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली होती. तिच्यामुळे कापसाच्या व्यापाराने जोर धरला, सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने चालू लागले, आणि गावाचा संसार कापसावर उभा राहिला.

आता कापसाचा पैसा येतो वर्षातून एकदा, आणि मीठ-मिरची तर रोज लागते. या दोहोंमधील अंतर भरून काढले ते उधारीच्या वहीने. शेतकऱ्याची बाकी कापूस मोंढ्यावर गेला की फिटावयाची. सालगड्याचे साल पाडव्याला फिरते, म्हणून त्याचा हिशेब पाडव्याला. दुकानदाराला स्वतःला ठोक व्यापाऱ्याकडून माल उधारीवर मिळे, तोच तो पुढे उधारीवर देई. मोंढ्यातील पेढीपासून गल्लीतल्या बाईच्या पदराखालच्या पुडीपर्यंत ही एकच साखळी होती. म्हणून त्या काळी कोणी दुकान विकू लागला की भाव माल, फळ्या, तराजू यांचा होईच. पण खरी घासाघीस होई ती वहीवर. ज्याची वही मोठी त्याचे दुकान मोठे, असा समज होता.

या समजाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. माझ्या सासूबाईंनी १९६३ साली कादराबादेत एक लहानसे किराणा दुकान घेतले. सासरे त्यापूर्वीच वारले होते. हातातल्या पाटल्या मोडून त्यांनी नुसत्या वहीचे सातशे रुपये दिले. (१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली खरी, पण पाटीवर नाव लागले ते धाकट्या दिराचे!) वही उघडून पाहतात तो तिच्यात तीन काळ एकावर एक बसलेले. जुन्या पानांवर हाली सिक्क्याचा हिशेब. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे गणित तोवर केवळ म्हाताऱ्यांना येत होते, कारण हाली सिक्का १९५० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने मागे घेतला गेला. पुढच्या पानांवर आणे. तेही १ एप्रिल १९५७ पासून जाऊन नवे पैसे आलेले. आणि माल शेर-पावशेरात मांडलेला, तर १९५८ ते १९६२ या काळात देशभर किलो-ग्रॅम सक्तीचे झालेले. पावशेर म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. गिऱ्हाईक म्हणे पाव किलो द्या, आणि भाव मागे पावशेराचा. सासूबाई सांगत, की पहिली दोन वर्षे त्यांनी दुकान कमी चालविले आणि भांडणे जास्त मिटविली.

पण हिशेबाचा गोंधळ परवडला. त्याहून वाईट निघाली ती बाकी. कित्येक ऋणको गाव सोडून गेलेले. काही म्हणाले, "आम्ही त्या शेटजींचे देणे लागतो, तुमचे नाही." विकणारा आपले पैसे घेऊन केव्हाच मोकळा झाला होता. सातशेतील निम्मे तरी वसूल झाले की नाही, याबद्दल घरात शेवटपर्यंत मतभेद होते. सासूबाई निम्मे झाले म्हणत, दीर हसत.

मी १९७१ साली या घरात आले, आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना निराळे सांगावयास नको. खडी फोडण्याची कामे, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा परदेशी मिलो. त्या वर्षी सासूबाईंनी नवी वही घातली. कामावरची मजुरी हाती येईपर्यंत त्या चारचार दिवस पीठ-मीठ देत. देताना एकच पाहत: बाई कोणाच्या ओळखीने आली. पुढे पाऊसपाणी बरे झाल्यावर त्या बायका आपण होऊन आल्या आणि हळूहळू बाक्या फेडून गेल्या. तीच माणसे पुढे पंचवीस वर्षे आमची गिऱ्हाइके राहिली. ही वही विकत घेतलेली नव्हती.

नंतरचे जालना निराळे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली आणि बियाण्यांचा धंदा वाढला. पुढे लोखंडी सळयांचे कारखाने आले. १९८१ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या. पगार महिन्याचा, तशी उधारीही महिन्याची झाली. सुगीची वाट पाहणारे गिऱ्हाईक शहरात कमी झाले. आणि अलीकडे महिन्याची यादीच मोठ्या दुकानांकडे वळली. राहिले ते अर्धा लिटर दूध, पाव किलो साखर, ऐनवेळी संपलेली चहापत्ती. हे गिऱ्हाईक रोज येते, पण थोडे घेऊन जाते. मला वाटते, आजच्या लहान दुकानाचे सारे अर्थशास्त्र एवढ्यात आले. ते चालते जागा स्वतःची असेल किंवा भाडे अगदी बेताचे असेल तर. व्याजाने पैसे काढून घेतलेले दुकान मात्र मला चालताना दिसत नाही.

आता त्या भगिनीसाठी चार गोष्टी. पहिली वहीबद्दल. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांची आहे. मुदत टळण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी देणे कबूल केले असेल तर ती पुन्हा नव्याने सुरू होते. शिवाय वहीतील नोंद एकटी पुरावा म्हणून पुरत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्यातही आहे. तेव्हा तीन वर्षांमागच्या, सही नसलेल्या बाकीला दमडी मोजू नये. दुसरी जागेबद्दल. दुकान भाड्याचे असेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला हक्क सोडताना पागडी घेता येते. पण घरमालकाची लेखी संमती आधी हातात हवी. जागा विकतच घ्यावयाची असेल तर ती आपल्या नावावर घ्यावी, पाटीसुद्धा. मुद्रांक शुल्कात स्त्रियांना २०२१ पासून एक टक्का सूट सुरू झाली ती राहत्या घरासाठी, दुकानाला नव्हे, तरीही. जीएसटीची धास्ती घेऊ नये: नुसत्या मालाच्या व्यापाराला २०१९ पासून सर्वसाधारणपणे वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नव्हती, आणि गल्लीतले दुकान सहसा तिथवर जात नाही. तरी घेण्यापूर्वी चालू मर्यादा कर सल्लागाराकडून विचारून घ्यावी.

आणि चौथी. वहीचे पैसे देण्याऐवजी आजोबांनाच सहा महिने गल्ल्याशेजारी बसवावे, त्यांना मानधन द्यावे, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला "आता ही ताई" असे त्यांच्या तोंडून म्हणवून घ्यावे. आमच्या सासूबाईंना ही सोय मिळाली नाही.

हे सारे मी तिला तोंडीही सांगितले. आजोबा बसावयास तयार आहेत, घरमालकाशी बोलणे चालू आहे. वहीचा भाव मात्र अजून ठरत नाही. आजोबांची त्या वहीवर फार माया आहे.