वाडे कुणाचे, चिरे कुणी वाहिले?



जुन्या पेठा राखायची भाषा हल्ली जिकडेतिकडे ऐकू येते. आमच्या संगमेश्वरातही. एकीकडे मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण, दुसरीकडे २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेलं संभाजी महाराजांचं स्मारक. मधल्या मधे जुनी पेठ, कसबा आणि एकोणिसाव्या शतकातली कौलारू घरं. मी याच तालुक्यातला. आपली काही पोरं म्हणतात, "पडू देत वाडे, आपलं काय जातंय?" मला हे पटत नाही. आपलं बरंच जातं.

आधी जागा बघा. शास्त्री आणि सोनवी इथे मिळतात. एके काळी जयगडकडून खाडीने गलबतं वर यायची, घाटावरून बैल उतरायचे, म्हणून इथे पेठ वसली. कसब्यात कर्णेश्वराचं जुनं देऊळ आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत मुकर्रबखानाने संभाजी राजांना इथेच पकडलं. शाळेच्या पुस्तकात संगमेश्वर येतं ते एवढ्यासाठीच. पण राजा पकडला गेल्यावरही गाव होतं, आणि पुढची अडीचशे वर्षं इथे कुणीतरी राबत होतं. त्याचं पान पुस्तकात नाही.

ते पान वाड्यात आहे. जांभ्याचा चिरा खाणीत तासायचा, डोक्यावरून वाहायचा, मग भिंत उभी राहायची. पैसा कुठून यायचा? बराचसा खोतीतून. खोत म्हणजे गावाचा वसूल सरकारात भरणारा मक्तेदार. सरकारला भरायचा तो धारा वेगळा, कुळाकडून घ्यायचा तो वसूल वेगळा. मधला फरक खोताच्या घरात. भातशेतीचं निम्मं पीक, वरकसाचा तिसरा हिस्सा. वर वेठ: नांगर द्या, लाकूड आणा, पालखी उचला. १८८० च्या खोती कायद्याने इंग्रजांनी खोताला कागदावर पक्का बसवला. कुळात महार होते तसे कुणबीही होते, हे विसरू नका. महाराच्या वाट्याला मात्र शेताची वेठ आणि वर गावकीची राबणूक, अशी दुहेरी जोखड.

बाबासाहेबांनी हा हिशेब मांडला तो आपल्याच जिल्ह्यात. १४ एप्रिल १९२९ ला चिपळूणच्या शेतकरी परिषदेचे ते अध्यक्ष होते. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करायचं बिल आणलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात कोकणातले कुणबी आणि महार एका रांगेत होते. बिल अडकलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. म्हणजे आपण ज्याला सुंदर जुना वाडा म्हणतो, तो या लढ्यातला पुरावा आहे. पुरावा पाडून फायदा कुणाचा? आरोपीचा.

आता दुसरी बाजू. वाड्याच्या काळातला महारवाडा कुठे आहे? नाही. कुडाच्या भिंती, शेणाचं सारवण, वर गवत. कोकणातला पाऊस. दरसाल शाकारणी केली नाही तर घर बसलंच. कित्येक गावांत घराखालची जागासुद्धा खोताच्या शब्दावर. असलं घर शंभर वर्षं टिकतं कसं? म्हणून "जुनं ते राखू" एवढंच म्हटलं, की आपोआप दगड राखला जातो आणि कूड वगळला जातो. कुणी मुद्दाम कट करायला नको. नियमच काम करतो.

याच जिल्ह्यातलं दापोली कॅम्प घ्या. तिथे महार पलटणीतले पेन्शनर राहत. गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, अनार्य दोष परिहारक मंडळीतर्फे लष्करभरतीसाठी अर्जाचा मसुदा केला. पेन्शनीनंतर रामजी सुभेदार बाळ भीमरावाला घेऊन याच कॅम्पात राहिले. आपल्या चळवळीचा पाया त्या शतकात या माणसांनी घातला. पण वास्तूंची यादी करणारा इसम कमान शोधतो, खांबावरची नक्षी शोधतो. पेन्शनरची पडवी त्याला दिसत नाही.

आणि आपली वास्तू दिसली तरी काय होतं, ते पुण्यात पाहा. बुधवार पेठेतला भिडे वाडा. १८४८ मध्ये जोतिबा-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले, वाडा कुजत गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला, डिसेंबरात रातोरात वाडा पाडला. कारण तो मोडकळीला आला होता. जागेवर राष्ट्रीय स्मारक ठरलं. स्मारक हवंच. पण थोड्याच अंतरावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा डागडुजी करून उभा आहे. एक वाडा वेळेवर दुरुस्त होतो, दुसरा कुजेपर्यंत थांबतात. हा फरक लाकडाचा नाही.

स्मारकावरच्या नावाचंही तसंच. संभाजी राजांचे अंत्यसंस्कार गोविंद गोपाळ महारांनी केले, ही वढू बुद्रुकची परंपरा आपण मानतो. डिसेंबर २०१७ अखेर त्यांच्या समाधीची मोडतोड झाली आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला दगड पडले. संगमेश्वरात उद्या स्मारक उभं राहील तेव्हा पाटीवर वढूचा गोविंद असेल का? आज विचारलं नाही तर उद्या पाटी कोरून झालेली असेल.

म्हणून आपली मागणी साधी आहे. वाडे राखा. पण त्याच नकाशात बौद्धवाडी घाला, पाणवठा घाला, चिऱ्याची खाण घाला, मढं न्यायची वेगळी वाट घाला. वाड्यावर पाटी लावा तर बांधणाऱ्याबरोबर राबणाऱ्याचंही लिहा.

आणि सरकार करील म्हणून बसू नका. वही घ्या. वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा: आपली जुनी घरं कुठे होती, वेठ कुठल्या वाड्यावर होती, पहिलं कौल कुणाच्या घरावर चढलं. देवरुखला तालुक्याच्या कचेरीत जा, खोतीचे, वतनाचे जुने कागद मागा, नकला घ्या. घरात पलटणीचं एखादं पेन्शनपत्र असेल तर ते पेटीत कुजू देऊ नका. कुणबीवाडीतही जा. १९३८ साली ते आपल्याबरोबर चालले होते, त्यांच्या घरातही हीच आठवण असणार.

हे काम या पावसाळ्याआधी सुरू करा. सांगणारी माणसं थोडीच उरली आहेत.

जय भीम.