धुआँधारची ‘वाया जाणारी’ वीज

जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेच्या धुआँधार धबधब्याच्या कठड्याशी मराठी पर्यटकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘केवढी वीज वाया चाललीय!’ त्यामागे एक पक्का समज आहे. पाणी फुकटचं, दरवर्षी नव्याने येणारं, धूर न सोडणारं. ऊन संध्याकाळी मावळतं, वारा लहरी. तेव्हा खात्रीचा मार्ग एकच, आणखी धरणं. आणि ती होत नाहीत याला आंदोलनवाले जबाबदार.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. मागणी होताच काही मिनिटांत वीज देण्याचं काम पाणी उत्तम करतं. पण ‘वाया’ हा शब्द हिशेबात बसत नाही. धबधबा सुमारे ३० मीटरचा. सेकंदाला १०० घनमीटर पाणी धरलं, तरी त्यातून जेमतेम २५ मेगावॅट निघतील. शिवाय हे पाणी आधीच राबलेलं आहे. वरच्या अंगाला १९९० साली पुरं झालेलं बरगी धरण आहे, त्याच्या पायथ्याशी ४५ मेगावॅटचे दोन संच. पावसाळा सोडला तर धुआँधारवरून कोसळणारं बरंचसं पाणी तिथूनच सुटून आलेलं असतं. पुढे इंदिरासागर (१००० मेगावॅट), ओंकारेश्वर (५२०) आणि सरदार सरोवर (१४५०) त्याला पुन्हा कामाला जुंपतात. सरदार सरोवराच्या विजेत २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. म्हणजे कठड्यावरच्या त्या पर्यटकाच्या घरचा दिवाही कदाचित याच पाण्यावर लागत असेल.

जलविद्युत अक्षय आहे, हे दुसरं गृहीतक. दरवर्षी परत येतो तो पाऊस. बरगीच्या जलाशयाने मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतल्या १६२ गावांची जमीन घेतली, ती कुठल्याच पावसाने परत आणलेली नाही. बरगी मुळात सिंचनासाठीही बांधलं, हे न्यायाने सांगायला हवं. सगळा दोष ९० मेगावॅटवर टाकता येत नाही. पण मग ती वीज ‘स्वस्त’ म्हणतानाही जमिनीची किंमत खात्यात मांडावी लागते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये, पुढे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली, हाच हिशेब मागितला होता. धरण टाटांचं, वीज मुंबईची, भातखाचरं मावळ्यांची.

राहिला संध्याकाळचा प्रश्न, आणि तो खरा आहे. सौर वीज दुपारी भरपूर असते, दिवे लागायच्या वेळी नसते. पण म्हणून नवं धरणच हवं, हे कुठून आलं? धरणं आहेतच. दिवसा सूर्याला चालू द्यावं, पाणी अडवून ठेवावं आणि ते संध्याकाळी सोडावं. कोयना मागणीच्या वेळी वीज पुरवण्यासाठीच ओळखली जाते. कृष्णा लवादाने तिच्या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, त्यामुळे तिथे प्रत्येक टीएमसी कधी खर्चायचा याला मोल आहे. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगते सौर पट बसले आहेत, तेही याच दिशेने.

या मार्गाला किंमत नाही असं मात्र कोणी समजू नये. संध्याकाळी पाणी सोडायचं म्हणजे खालची नदी एकाएकी फुगणार. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले कित्येक भाविक इंदिरासागरातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. बरगीखाली तर ग्वारीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट असे रोजच्या वर्दळीचे घाट आहेत. शिवाय रब्बीच्या गव्हाला पाणी कधी लागतं आणि जबलपूरच्या दिव्यांना वीज कधी लागते, ही दोन वेगळी वेळापत्रकं आहेत. ती एकत्र बसून जुळवणं आणि पाणी सुटण्याची वेळ घाटावरच्या नावाड्यापर्यंत आधी पोचवणं, हे काम नवा बांध घालण्याइतकं दिखाऊ नाही. त्याचं भूमिपूजन होत नाही, कोनशिलाही लागत नाही. अडचण बहुधा तिथेच आहे, उन्हात नाही आणि नर्मदेतही नाही.