पेव, चुकारे आणि हजेरी

आबांच्या तोंडून निजामाचं राज्य ऐकलं ते पेवाच्या गोष्टींतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही लागली आणि परळीच्या आसपासच्या खेड्यांत बरीच ज्वारी जमिनीखालच्या पेवांत गेली. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आबा बजावायचे. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून जातो. बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला नाही तरच गडी आत उतरवायचा. कडेची ज्वारी काळपट, आंबूस निघायची. घरात आधी तीच दळायची. त्या राज्यात दाद मागायला जागाच नव्हती, म्हणून धान्य लपवायचं. पैसाही वेगळा. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. तिथल्या बाजाराला जायचं तर इंग्रजांच्या सहा कलदारांसाठी निजामाचे सात हाली रुपये मोजावे लागत.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं. पुढच्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या, १९५० ला कूळकायदा आला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या आबांच्या नावावर रान झालं. त्या कागदाची घडी ते कुणालाही उलगडू देत नसत.

१९७२ ला कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याला कापूस विकायचा नाही, सरकारच घेणार. आबांना ही कल्पना मनापासून पटली होती. पण केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग, थंडीत गाडीखाली झोपणं, ग्रेडरनं बोंड चोळून प्रत ठरवणं आणि मग चुकाऱ्यांची वाट. दिवाळीचा कापूस, पैसे उन्हाळ्यात. आता ती सक्ती राहिलेली नाही. आज व्यापारी भाव पाडून मागतो, पण रोख देतो, म्हणून माझा चुलतभाऊ त्याच्याच दारात गाडी उभी करतो. मी त्याला दोष देत नाही.

सरकारबद्दल मायचं मत मात्र वेगळं होतं. १९७२ च्याच दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ती म्हणायची, "लेकरा, हजेरीत माझं नाव होतं. तुझ्या आबाची बायको म्हणून नाही, माझं." पगार तिच्या हातात पडला, आयुष्यात पहिल्यांदा.

मागेल त्याला असं काम देणाऱ्या, वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ ला कायदा झाला. काम मागायचा हक्क कागदावर आला. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसला होता, म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे आमच्याकडच्या खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत पोचत होते. राजा, सरकार, बाजार यांची तुलना करताना मला ही साखळी सगळ्यांत मोठी वाटते. हजेरीत खाडाखोड व्हायची, मजुरी रखडायची, हेही मायनंच सांगितलं. पण मजुरी रखडली की बायका गटानं तहसीलवर जाऊन बसायच्या आणि तहसीलदाराला बाहेर येऊन त्यांच्याशी बोलावं लागायचं.