कुड्याची साल व ती ओळखणाऱ्यांचीं नांवें

यवतमाळ जिल्हा इ. स. १९०५ पर्यंत वणी जिल्हा या नांवानें ओळखला जात असे. जिल्ह्याचें नांव पालटलें. परंतु साग, पळस, मोह, कुडा हीं रानाचीं झाडें गांवकऱ्यांच्या तोंडीं जुन्याच नांवांनीं राहिलीं. त्यांपैकीं कुड्याची हकीकत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

कुड्याचें झाड लहान, फुलें पांढरीं व साल अत्यंत कडू. संस्कृत वैद्यकांत तोच कुटज. अतिसारावर त्याची ख्याति फार जुनी. रानालगतच्या वस्त्यांत मात्र ही विद्या पोथींतून आली नाहीं. वडीलधाऱ्यांनीं बोटानें झाड दाखविलें, व लेकरांनीं तें ध्यानांत धरिलें. पुढें रसायनशास्त्रज्ञांनीं याच सालींतून ‘कोनेसीन’ नांवाचें द्रव्य वेगळें काढिलें.

ह्याच कुड्याचें चित्र इ. स. १६७८ मध्यें ॲमस्टरडॅम येथें निघालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ ग्रंथाच्या पहिल्या खंडांत ‘कोडगपाला’ या मलबारी नांवाखालीं आहे. बारा खंडांचें हें काम १६९३ मध्यें पुरें झालें. कोचीनचे डच अधिकारी व्हान रेडे यांनीं तें आरंभिलें; कार्मेलाईट संन्यासी फादर मॅथ्यू यांनीं प्रारंभीं साह्य केलें. झाडांचे गुण इट्टी अच्युतन या वैद्यानें सांगितले. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोंकणी वैद्यांचें १६७५ सालचें नागरी लिपींतील प्रमाणपत्रहि ग्रंथांत छापिलें आहे. प्रॉटेस्टंट अधिकारी, कॅथोलिक संन्यासी व हिंदु वैद्य एका कार्यास लागले; आणि ज्यांनीं ज्ञान दिलें, त्यांचीं नांवें राहिलीं.

आमच्या गोंड, कोलाम बांधवांतील जाणत्या स्त्रीपुरुषांस हा मान क्वचितच लाभला. आतां २००२ च्या जैवविविधता कायद्यानें गांवोगांवीं लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय झाली आहे. तींत झाडाबरोबर तें ओळखणाऱ्याचें नांव त्याच्या संमतीनें लिहावें. साल कशी काढावी, हेंहि लिहावें. कारण खोडाभोंवतीं सर्व बाजूंनीं साल सोलली, तर पानांतील अन्न मुळांस पोंचत नाहीं व झाड मरतें.

आज जुलाबाच्या रोग्यास जलसंजीवनी द्यावी, डॉक्टरांकडे न्यावें; त्यांत हयगय नको. परंतु ज्या आजीनें आपणांस लहानपणीं कुडा दाखविला, तिचें नांव वहींत लिहिण्यास उद्यांची वाट पाहूं नये.